काळजावर पाय

ते गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आवडलं होतं. पुढं जे झालं ते माहीत असलेल्या लोकांना वाटतं, मी पहिल्या दिवसापासून चिडले असेन. तसं नव्हतं. कारखान्याच्या यार्डात उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. माझ्या पुढच्या ट्रॅक्टरवर साउंड बसवलेला होता आणि त्यातनं एका पोराचा कोवळा, जरा नाकातला आवाज आला. 'स्टेअरिंगवर हात तुझा, काळजावर पाय गं.' चाल इतकी सोपी की दुसऱ्या कडव्याला मी स्टेअरिंगवर बोटांनी ठेका धरला.

मग तिसरं कडवं आलं. कालव्याच्या चारीवरल्या पुलावरनं येणारी, तोंडाला हिरवा स्कार्फ बांधलेली, दोन ट्रॉल्या ओढणारी. पुढचा ड्रायव्हर सीटवरनं मागं वळला आणि माझ्याकडं बघून हसला. माझ्या तोंडाला हिरवा स्कार्फ होता.

आमच्या भागात बाया ट्रॅक्टर चालवत नाहीत असं नाही. रानात चालवतात. पण दोन ट्रॉल्या जोडून कारखान्यावर जाणारी मी एकटीच होते. आमची वस्ती सणसरच्या अलीकडं, चारीला लागून. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, खुबा ट्रॉली जोडताना मोडला आणि त्यांना काठी लागली. धाकटा भाऊ बारामतीच्या एमआयडीसीत कंपनीत लागलेला, त्याला शिफ्ट. ट्रॅक्टर मला आबांनीच शिकवला होता, मी दहावीत असताना, मोकळ्या रानात. ते म्हणाले, "तू जा. तुझा हात माझ्यापेक्षा बरा हाय." मी जायला लागले. तोडणीच्या सगळ्या हंगामात दिवसाआड माझी खेप असायची, आणि गाणं येईपर्यंत मला कुणी वावगं बोललं नव्हतं. रांगेत जागा द्यायचे. चहा सांगायचे.

गाणारा पोरगा इंदापूरच्या पलीकडचा. बारामतीला कॉलेजात होता, ऑर्केस्ट्रात मागं कोरसला उभा राहायचा. हे त्याचं स्वतःचं पहिलं गाणं. बारामतीत एका दुकानाच्या माडीवर त्यानं ते रेकॉर्ड केलं आणि व्हिडिओ करून टाकलं. व्हिडिओत पुण्याहून आणलेली एक गोरी मुलगी हिरवा स्कार्फ बांधून ट्रॅक्टरवर बसलेली. ट्रॅक्टर बंद आहे हे धुराड्याकडं बघितलं तरी कळतं. पण गाणं असं धावलं की विचारू नका. हळदीत तेच, वरातीत तेच, वडापच्या जीपमध्ये तेच, माझ्या आत्याच्या फोनची रिंगटोनसुद्धा तीच. त्या पोराचे फ्लेक्स लागले. घरी आई म्हणाली, "तुझ्यावरच हाय म्हणत्यात. व्हय का गं?" मी म्हटलं, "मला काय म्हाईत." आईला मनातनं थोडं बरं वाटलं होतं.

ते बरं वाटणं एका आठवड्यात संपलं. मी यार्डात शिरले की एकाच्या मागं एक सगळे साउंड त्या गाण्यावर यायचे. चाकातली हवा सोडलेली सापडायची. पुलावर दोन मोटारसायकली आडव्या लावून पोरं उभी राहायची, गाणं वाजवायची, मी हॉर्न वाजवला की नाचायची. एक दिवस रिकाम्या ट्रॉलीची पिन घालायला मी खाली वाकले होते, तेव्हा मागनं एकानं कमरेवर हात ठेवला आणि गाण्याची ओळ म्हटली. माझ्या हातात हूकची पिन होती, हातभर लांब, लोखंडी. मी उभी राहता राहता ती त्याच्या बोटांवर हाणली. तो खाली बसला आणि ओरडायला लागला. बाकीचे हसले. एकानं ते सगळं मोबाईलवर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गाण्याची चाल लावून सगळीकडं गेला. खाली लोकांनी जे लिहिलं ते मी इथं लिहिणार नाही. माझ्या भावानं ते कंपनीत, जेवणाच्या सुट्टीत, दुसऱ्याच्या मोबाईलवर वाचलं.

तो घरी आला तो सरळ मोरीकडं गेला आणि हात धुवायला लागला. पाणी लाल येत होतं.

मी म्हटलं, "कुठं लागलं?"

"मला न्हाय लागलं."

"मग रगात कुणाचं हाय?"

"व्हिडिओ काढणाऱ्याचं." त्यानं साबण परत घेतला. "सणसरच्या पंपावर सापडला. ट्रॅक्टरची टामी होती मोटारसायकलच्या डिकीत."

टामी म्हणजे चाकाचे नट खोलायची लोखंडी दांडी. त्या पोराचा हात कोपराखाली दोन जागी मोडला होता. मी भावाला बोलले, खूप बोलले, पण तो शांतपणे जेवायला बसला. त्याचा चेहरा एवढा समाधानी मी त्याआधी बघितला नव्हता.

त्याची परतफेड लवकरच झाली. त्या दिवशी तो कंपनीच्या बसनं गेला होता; बस फाट्यावर सोडायची, तिथून तो चालत यायचा. दिवसाढवळ्या तिघांनी त्याला धरला. साखळीनं मारला, बेल्टनं मारला, खाली पडल्यावर तोंडावर लाथा घातल्या आणि उसाच्या बांधाला टाकून गेले. शेजारच्या रानात पाणी धरणाऱ्या माणसाला तो दिसला. बारामतीच्या दवाखान्यात नेला तेव्हा त्याचा खालचा जबडा एका बाजूला लोंबत होता. डॉक्टरांनी तारांनी बांधून टाकला. नळीनं दूध, नळीनं पेज. बोलायचं असलं की तो पाटीवर लिहायचा.

मी त्याच्या खाटेजवळ बसायचे. एकदा शेजारच्या पेशंटच्या पाहुण्याचा फोन वाजला. रिंगटोन तीच. त्या माणसाला काही ठाऊक नव्हतं; तो फोन घेऊन बाहेर गेला. भावानं माझ्याकडं बघितलं. तारांमधनं त्याच्या तोंडातनं एक आवाज आला, शब्द नव्हता तो. मी त्याचा हात धरायला गेले तर त्यानं झटकला.

मी घरी आले तेव्हा फडात तोडलेला ऊस पडून होता. ऊस तोडला की वाळायला लागतो, वजन जातं. मजुरांनी ट्रॉल्या भरून ठेवल्या होत्या. मी स्कार्फ बांधला आणि चावी काढली. आबा गोठ्याच्या दारात काठीवर उभे होते.

"चावी दे."

"आबा, ऊस वाळतोय."

"वाळू दे. दे म्हणतो ना."

मी दिली नाही. त्यांनी काठी उचलली आणि माझ्या खांद्यावर हाणली. मला वाटलं, चुकून लागली. मग दुसरी मनगटावर बसली, चावी खाली पडली, तरी तिसरी पाठीत बसली. काठी उचलल्यावर त्यांना धड उभं राहता येत नव्हतं, म्हणून एका हातानं गोठ्याचा खांब धरून ते दुसऱ्या हातानं मारत होते. आई मधी आली तर तिलाही लागली. आबांनी याआधी माझ्यावर कधी हात उगारला नव्हता. मारताना ते मला शिव्याही देत नव्हते. नुसता श्वास ऐकू येत होता. शेवटी दम लागून ते खाली बसले, चावी उचलली आणि बसल्या जागेवरनं गोठ्याशेजारच्या विहिरीत टाकली.

ट्रॉल्या चुलतभावानं त्याच्या ट्रॅक्टरनं ओढून नेल्या. इंदापूरच्या एका घरातनं माझ्यासाठी विचारणा आली होती, त्यांनी मध्यस्थाला फोन करून 'गाण्यातली तीच का' एवढंच विचारलं आणि परत फोन केला नाही. मी घरात बसले. मनगट सुजून निळं झालं होतं, ते आईनं हळद लावून बांधलं.

भावाच्या तारा निघाल्या, तो घरी आला. तोंड उघडत होतं, पण तो बोलत नव्हता. खाटेवर बसून तो ऊसतोडीचा कोयता दगडावर घासायचा. घासायचा, अंगठ्यानं बघायचा, परत घासायचा. मी म्हटलं, "कशाला रं?" तो म्हणाला, "गंजलाय." मारणाऱ्या तिघांवर त्याचा राग असेल असं मला वाटलं. पण त्याच्या मनात ते तिघं नव्हतेच. त्याच्या हिशेबानं सगळं गाण्यातनं सुरू झालं होतं.

अंथुर्ण्याच्या पुढं, इंदापूर रस्त्याला, ट्रॅक्टरचं एक नवीन शोरूम उघडणार होतं. पाहुणा म्हणून त्या गाणाऱ्याला बोलावलं होतं. ट्रॅक्टरचं गाणं, ट्रॅक्टरचं दुकान. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी भाऊ मोटारसायकल घेऊन गेला. थोड्या वेळानं आई गोठ्यातनं आली आणि म्हणाली, "कोयता न्हाय जागेवर."

घरात दुसरी गाडी नव्हती. मी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची चावी मागून आणली. आमचंही तेच मॉडेल, त्याच्या चाव्या एकमेकांना लागतात. भावाला फोन लावत होते, तो घेत नव्हता. आबा खाटेवर होते. मी ट्रॅक्टर चालू केला तेव्हा ते उठले नाहीत.

ट्रॉलीशिवाय ट्रॅक्टर जेवढा पळतो तेवढा पळवला. शोरूमपुढं मांडव होता, हार घातलेले नवे ट्रॅक्टर ओळीनं उभे होते आणि रस्ता दोन्ही बाजूंनी गाड्यांनी तुंबलेला. मी रस्ता सोडून कापलेल्या गव्हाच्या रानातनं मांडवाच्या मागल्या अंगाला गेले. तिथं मी चूक केली. स्कार्फ सोडायला पाहिजे होता. कुणीतरी ओरडलं, "आरं, ट्रॅक्टरवाली आली." माईकवरच्या निवेदकाला वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. तो म्हणाला, "मंडळी, गाण्यातली खरीखुरी नायिका आपल्या भेटीला आलीय." आणि गाणं सुरू झालं.

माझ्याभोवती पोरांचा गराडा पडला. ट्रॅक्टर हलवला असता तर चाकाखाली कुणीतरी आलं असतं, म्हणून मी तो बंद केला. दोघं बॉनेटवर चढून नाचायला लागले. एक मडगार्डवर बसला आणि माझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायला लागला, आबांची काठी बसली होती त्याच खांद्यावर. मागनं कुणीतरी स्कार्फ ओढला, त्याबरोबर केस ओढले गेले, माझी मान मागं गेली. मी भावाला शोधत होते आणि मला डोळ्यापुढं फक्त हात दिसत होते. सीटखाली टामी असते. ती काढली आणि मडगार्डवर बसलेल्याच्या तोंडावर मारली. नाक फुटल्याचा आवाज आला. तो मागं पडला. मी बॉनेटवरच्याच्या गुडघ्यावर मारली. तिसऱ्यावर उगारली तेव्हा सगळे मागं सरले. मला तेव्हा बरं वाटलं. अंग हलकं झालं. भाऊ पंपावरनं घरी येऊन जेवला होता तो कसा जेवला असेल ते मला त्या क्षणी कळलं.

तेवढ्यात स्पीकरमधनं वेगळाच आवाज आला. धप्प असा, लाकूड फोडल्यासारखा, आणि लगेच दुसरा. भाऊ स्टेजवर होता. गाणाऱ्यानं तोंड वाचवायला माईक धरलेला हात वर केला होता आणि कोयता त्या हातावर बसला होता. माईक चालूच राहिला, म्हणून ते घाव अख्ख्या मांडवाला ऐकू गेले. पोरगा किंचाळत होता आणि त्याच्या मागं रेकॉर्डमधला त्याचाच आवाज मजेत गात होता. ते बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

मी स्टेजवर चढले आणि भावाला मागनं कमरेला धरलं. कोयता हिसकताना माझा तळहात फाटला. ती खूण आजही आहे. मग गर्दी आमच्यावर आली. भावाला खुर्च्यांनी मारलं, पाईपनं मारलं. नुकताच जुळलेला जबडा, त्यावर बुटाची लाथ बसली ती मी बघितली. बंदोबस्ताला आलेल्या दोन पोलिसांनी त्याला ओढून जीपमध्ये घातला नसता तर तो तिथंच मेला असता.

गाणारा स्टेजवर फ्लेक्सला टेकून बसला होता. त्याच्याबरोबरचे लोक पळाले होते. समोर पंधरा-वीस मोबाईल त्याच्याकडं धरलेले. जवळ कुणी जात नव्हतं. मनगटाच्या वर हाड दिसत होतं. मी गळ्यात अडकलेला स्कार्फ काढला आणि त्याच्या दंडाला करकचून आवळला. रस्ता तुंबलेला, रुग्णवाहिका कधी यायची. मी त्याला म्हटलं, "ऊठ."

त्याला मडगार्डवर बसवलं, माझ्या कमरेला घट्ट धर म्हटलं आणि रानातनं अंथुर्ण्याच्या डॉक्टरांकडं ट्रॅक्टर काढला. खड्ड्यात चाक गेलं की तो आई आई करायचा. तो माझ्यापेक्षा लहान होता. मिसरूड धड फुटलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "मला ओळखतो का तू?"

"आत्ता कळलं."

"मग गाणं कुणावर केलंस?"

"एसटीत होतो. खिडकीतनं बघितलं तुमाला, पुलावर." तो कण्हला. "तोंड न्हवतं दिसलं. भारी वाटलं, म्हणून केलं."

"माझा भाऊ दवाखान्यात पडला होता. तुला कुणी सांगितलं न्हाय?"

"सांगितलं होतं. मला वाटलं, गाण्याची जाहिरात हाय. लोक काय बी उठवत्यात."

त्याला तिथंच ढकलून द्यावं असं मनात आलं, आणि त्याच वेळी तो पडू नये म्हणून मी ट्रॅक्टर हळू घेत होते. डॉक्टरांनी रक्त थांबवलं आणि त्याला बारामतीला पाठवलं. माझ्या तळहाताला तिथंच टाके घातले.

पोलीस संध्याकाळी आले. भावावर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लागला. माझ्यावर मारहाणीचा. ट्रॅक्टर मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात गेला आणि बरेच महिने तिथं उन्हापावसात उभा राहिला. गाणाऱ्यानं जबाबात जे घडलं तेच सांगितलं, भावाचंही आणि माझंही. त्याचा हात वाचला, पण दोन बोटं वाकत नाहीत. त्यानं पुढं आणखी गाणी केली, ती चालली नाहीत. लग्नांत त्याला अजून बोलावतात आणि ते पहिलंच गाणं गायला लावतात. स्टेजवरचा व्हिडिओ निघाल्यावर तर ते आणखी चाललं.

केस अजून कोर्टात आहे. माझं लग्न सुप्याकडं झालं. नवऱ्याला सगळं माहीत होतं. तो बघायला आला तेव्हा म्हणाला, "आमच्याकडं जिरायत हाय, रानात कुळवाची पाळी घालायला माणूस मिळत न्हाय. ट्रॅक्टर चालवशील का?" मी चालवते.

भाऊ जामिनावर सुटला तेव्हा गावातली पोरं त्याला हार घालून आणायला गेली. बहिणीसाठी आत गेलेला माणूस म्हणून त्याचा मान वाढला. आबांनीही त्याला कधी जाब विचारला नाही. त्याचं लग्न झालं. भावजय शिकलेली, गरीब स्वभावाची. मी माहेरी गेले की ती पूर्ण बाह्यांचं ब्लाउज घालून असायची, उन्हाळ्यातसुद्धा. मी विचारलं की "काय न्हाय वन्सं" म्हणायची.

गेल्या वर्षी एका दुपारी ती एसटीनं माझ्याकडं आली. एक डोळा बंद झालेला, खालचा ओठ फाटलेला. कुणाचा तरी फोन आला होता आणि तिनं तो हसून घेतला, एवढंच कारण. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. ती म्हणाली, "ते येतील मागनं." आणि तो आलाच. मोटारसायकल दारात लावली, जबडा एका बाजूला जरा वाकडा, तसाच उभा राहिला.

"बाहीर पाठव तिला."

"ती येत न्हाय."

"ताई, मधी पडू नकोस. माझ्या घरचं हाय हे."

मी उंबऱ्यावर उभी होते. त्यानं मला बाजूला सारायला हात लावला, मी हलले नाही. मग त्यानं मला ढकललं आणि माझं डोकं चौकटीवर आपटलं. तो क्षणभर थांबला. त्याचे डोळे भरून आले.

"तुझ्यासाठी मी जेलात गेलो. तोंड फोडून घेतलं. तू हे करतीस?"

"मी तुला जा म्हटलं न्हवतं," मी म्हटलं. "एकदा बी म्हटलं न्हवतं."

माझा नवरा रानातनं पळत आला, शेजारी जमले. भाऊ सगळ्यांकडं बघत मोटारसायकलवर बसला आणि निघून गेला. भावजय आतल्या खोलीत भिंतीला चिकटून उभी होती. मी डोक्याला ओला फडका लावला. तिला विचारलं, "चौकीला जायचं का?" ती म्हणाली, "आई-आबा काय म्हणतील?" मी म्हटलं, "ते मी बघते. तुला जायचं का, ते सांग."

तिनं उठून तोंड धुतलं, फाटलेल्या ओठाला पाणी लागलं तशी कळवळली, आणि चप्पल घातली. मीही पदर खोचून तिच्याबरोबर निघाले.